वाचकांचे प्रश्न : काचा धुण्यासाठी शुद्ध पाणी

प्रश्न : मी वाकड येथे राहतो. दोन मुलांना हाताशी घेऊन गेल्या दिवाळीपासून बंगले, दवाखाने आणि लहान शोरूम यांच्या काचा धुण्याचा व्यवसाय सुरू केला आहे. आमच्याकडे पाईप जोडलेला लांब पोल असून त्याच्या टोकावरील ब्रशमधूनच पाणी येते. त्यामुळे शिडी न लावता तिसऱ्या मजल्यापर्यंतची काच जमिनीवरून धुता येते. या पद्धतीत काच फडक्याने पुसायची नसते, ती आपोआप वाळू द्यायची असते. त्यासाठी शुद्ध पाणी लागते असे समजल्यावर मी रोज पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे 15 जार विकत घेऊ लागलो. तरीही काच वाळली की पांढरे ठिपके उमटतात आणि पैसे देताना गिऱ्हाईक कुरकुर करते. आमच्याकडे पालिकेचे पाणी येते, पण उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. पाणी नेमके कोठून घ्यावे? आर.ओ. यंत्र घ्यावे काय?

उत्तर : आपल्या धुण्याच्या पद्धतीत काहीही चूक नाही. पिण्यास उत्तम असलेले पाणी काचेलाही उत्तम असेल, हे गृहीत मात्र चुकीचे आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले जातात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ही मर्यादा 2000 पर्यंत सैल होते. काच न पुसता वाळवायची असेल तर हाच आकडा 10 च्या आत हवा, आणि शक्य तेथे तो शून्यच असावा, असे मी आग्रहाने सांगतो. पाणी उडून जाते, क्षार उडून जात नाहीत. थेंब जेथे शेवटी सुकतो तेथे ते गोळा होतात आणि त्यांचाच ठिपका दिसतो.

जारच्या पाण्यात चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखलेले असतात. आपल्या जारचा आकडा 80 आहे असे धरले, तर 300 लिटर पाण्यात 24 ग्रॅम क्षार भरतात. म्हणजे आपण रोज चार चहाचे चमचे मिठाएवढा ऐवज पाण्यात कालवून गिऱ्हाइकाच्या काचांवर फिरवीत आहात. घरगुती आर.ओ. यंत्राचीही, म्हणजे दाबाने पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळणाऱ्या यंत्राचीही, हीच गोष्ट आहे, कारण त्यातही चव राखण्यासाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते. शिवाय ते ताशी 10-15 लिटरच पाणी देते.

म्हणून यंत्राच्या आधी खिशात मावणारा टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा हाच आकडा दाखवणारा मीटर, घ्यावा. तो काही शे रुपयांत मिळतो. पालिकेचे पाणी, टँकरचे पाणी आणि सोसायटीच्या बोअरचे पाणी तीन वेगवेगळ्या पेल्यांत घेऊन तिन्ही आकडे वहीत लिहावेत. आपल्या भागाला पवना धरणाचे पाणी मिळते. सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी हे मुळात पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे त्यात क्षार सामान्यतः कमी असतात. टँकर बहुधा विहिरीवर किंवा बोअरवर भरलेला असतो आणि खडकात मुरलेले ते पाणी जड असते. पुढचा सगळा खर्च या दोन पाण्यांतल्या फरकावर ठरतो.

क्षार पूर्णपणे काढण्याचे काम रेझिन करते. हे बारीक पिवळसर-तपकिरी मणी असतात. एका प्रकारचे मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पकडतात, दुसऱ्या प्रकारचे क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट पकडतात, आणि दोन्ही प्रकार एकाच नळकांड्यात मिसळलेले असले की बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा 000 दिसतो. मात्र रेझिनची भूक मर्यादित असते. ढोबळ हिशेबाने 25 लिटर मिश्र रेझिन सुमारे 500 ग्रॅम क्षार धरते. टँकरचे 650 आकड्याचे पाणी थेट त्यात सोडले, तर पावणेआठशे लिटरला, म्हणजे आपल्या कामाच्या अडीच दिवसांत, रेझिन संपेल. पालिकेच्या पाण्याचा आकडा 100 असेल तर तेच रेझिन 5000 लिटर, म्हणजे पंधरवड्याहून थोडे अधिक चालेल. आणि टँकरचेच पाणी आधी आर.ओ. मधून काढून 30 वर आणले, तर ते 16 हजार लिटरच्या पुढे, जवळजवळ पावणेदोन महिने पुरेल.

तेव्हा माझा सल्ला असा की पालिकेची व्यावसायिक जोडणी रीतसर मिळत असेल, तर आज आर.ओ. यंत्र घेऊच नये; दोन गाळण्या आणि रेझिनचे एक नळकांडे यांवर व्यवसाय उभा राहतो. सोसायटीच्या घरगुती नळाचे पाणी धंद्यासाठी परस्पर वापरू नये. ते नियमातही बसत नाही आणि शेजाऱ्यांच्या वाट्याचेही असते. वर्षभर टँकरवर किंवा बोअरवरच अवलंबून राहावे लागणार असेल, तरच ताशी 250 लिटरचे आर.ओ. यंत्र घ्यावे. त्याआधी 5 मायक्रॉनची गाळणी आणि कार्बनची गाळणी अवश्य लावावी, कारण पाण्यातील क्लोरीन पडद्याला खराब करते आणि हा पडदा यंत्रातील महाग भाग असतो.

आर.ओ. घेतल्यास एक जबाबदारी येते. 300 लिटर शुद्ध पाण्यामागे जवळपास तेवढेच पाणी बाहेर टाकले जाते, आणि त्यात क्षार दुपटीच्या आसपास असतात. ज्या वस्त्यांत एप्रिल-मे महिन्यांत माणसे घागरी मांडून टँकरची वाट पाहतात, तेथे हे पाणी गटारात सोडणे मला कधीच पटलेले नाही. ते वेगळ्या टाकीत धरावे आणि शौचालय, फरशी, पार्किंग धुण्यासाठी द्यावे. कुंड्यांना मात्र देऊ नये, कारण माती खारवते.

आता एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या मोठ्या कामाच्या वेळी, एका कार्यालयाच्या इमारतीसाठी, मी केवळ सॉफ्टनर लावला होता. विक्रेत्याने परीक्षानळीत चार थेंब टाकून पाणी मऊ झाल्याचे दाखवले आणि माझा विश्वास बसला. दुपारी पश्चिमेच्या काचांवर ऊन आले, तेव्हा खालच्या चौकटीलगत ओळीने पांढऱ्या कडांची वर्तुळे उभी राहिली. नखाने खरवडली की पीठ निघत होते. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो, क्षारांचे एकूण प्रमाण कमी करीत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. ती सगळी काच आम्ही दुसऱ्यांदा, विनामोबदला धुतली. सॉफ्टनर कपडे धुण्यासाठी आणि गिझरसाठी चांगला आहे, काचेसाठी पुरेसा नाही.

मीटर न दाखवणाऱ्या एका घटकाकडेही लक्ष ठेवावे, तो म्हणजे सिलिका, वाळूतील मुख्य घटक. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात तो बराच असतो. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. सिलिका वीज फारशी वाहून नेत नाही, म्हणून तो आकड्यात उमटत नाही. रेझिन संपत आले की सर्वांत आधी निसटतो तोही सिलिकाच, आणि त्याचा काचेवर बसलेला डाग सहजासहजी निघत नाही. यासाठी बोअरचे पाणी असेल तर आकडा 000 वरून 003-004 वर सरकताच रेझिन बदलावे, 10 ची वाट पाहू नये. संपलेल्या रेझिनच्या पाण्याला कधी कधी माशासारखा वास येतो, तीही खूणच समजावी. रोज सकाळी काळ्या रंगाच्या काचेच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब उन्हात वाळवून पाहण्याची सवय मुलांना लावावी. जागा कोरी राहिली तरच टेम्पो बाहेर काढावा.

आणखी एक. पहिल्यांदाच धुतल्या जाणाऱ्या काचेवर रबराच्या पट्टीतून आणि वरच्या चौकटीतून साचलेली धूळ ओघळते आणि पाणी शून्याचे असूनही पट्टे दिसतात. अशी काच आधी चौकटीसह धुऊन घ्यावी, नंतर तिच्यावर वरून खाली पुन्हा स्वच्छ पाणी सोडावे, आणि गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये हेच काम करतो. रात्री रेझिनचे पाणी गच्चीवरील 500 लिटरच्या पांढऱ्या टाकीत भरून ठेवतो. भरताना मीटर 000 दाखवतो, सकाळी 001 किंवा 002 दाखवतो. महिन्याभरात टाकीच्या आत हिरवट, बुळबुळीत थर आला असून तोटीच्या लोखंडी जोडाला गंज चढला आहे. पाणी बिघडते आहे काय?

उत्तर : सकाळी एखाद-दोन अंकांनी वाढलेल्या आकड्याची चिंता करू नये. शुद्ध पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते, म्हणून मीटर हलतो. काच वाळताना तो वायू उडून जातो आणि मागे काही उरत नाही. हिरवट थर आणि गंज या मात्र खऱ्या अडचणी आहेत, आणि दोन्हींचे मूळ साठवणीत आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते आपण कार्बनच्या गाळणीतच काढून टाकलेले असते. त्यामुळे शुद्ध केलेल्या पाण्याला शेवाळापासून संरक्षण उरत नाही, आणि पांढऱ्या टाकीतून आत येणारा उजेड शेवाळाला हवाच असतो. टाकी काळी, अनेक थरांची आणि घट्ट झाकणाची घ्यावी, ती सावलीत ठेवावी, आणि हवा आत येण्याच्या भोकाला बारीक जाळी बसवावी. सध्याची टाकी रिकामी करून मऊ ब्रशने घासावी, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने धुवावी आणि शुद्ध पाण्याने दोनदा खंगाळावी. ब्लीचिंग पावडर कटाक्षाने टाळावी, कारण ती कॅल्शियमचीच असते आणि जे काढण्यासाठी आपण एवढा खर्च केला तेच पुन्हा टाकीत पडते. पाणी आठवड्याच्या आत संपेल एवढेच साठवावे.

शुद्ध पाणी लोखंड, जस्ताचा मुलामा आणि पितळ यांना साध्या पाण्यापेक्षा लवकर खाते, आणि तो गंज पाण्यात उतरून काचेवर पिवळे ओघळ आणतो. तोटी, जोड आणि पाईप सारे प्लॅस्टिकचे घ्यावे. सिमेंटची टाकी या कामास निरुपयोगी आहे, कारण तिच्या भिंतीतून क्षार सुटत राहतात. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, लोखंडी पिंजऱ्यातील 1000 लिटरच्या जुन्या टाक्यांत पूर्वी कोणते रसायन होते याची खात्री नसेल, तर त्या घेऊ नयेत.

टाकी गाडीवर चढवीत असाल, तर 500 लिटर म्हणजे अर्धा टन हे ध्यानात ठेवावे. लहान टेम्पोच्या क्षमतेत माणसे, पोल आणि पंप यांचे वजन धरूनच हिशेब करावा. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण ब्रेक दाबला की आतले पाणी एकदम पुढे झेपावते. आत आडपडदे असलेली, बसकी टाकी घ्यावी आणि ती हौद्याच्या पत्र्याला न बांधता गाडीच्या सांगाड्याला पट्ट्यांनी जखडावी.

प्रश्न : आमच्या ठाण्यातील कार्यालयात एसीचे बादल्या भरभरून पाणी वाया जाते. त्याचा आकडा 20 च्या आसपास येतो. ते काचांसाठी वापरता येईल काय?

उत्तर : थेट वापरू नये, पण टाकूनही देऊ नये. हे हवेतील बाष्प थंड होऊन झालेले पाणी असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात. मात्र कॉइलवरची धूळ, धातूचे कण आणि पन्हळीतील बुळबुळीत घाण त्यात असते. ते बारीक गाळणीतून आणि मग रेझिनमधून काढल्यास काचेला चालते, आणि एवढ्या कमी आकड्याच्या पाण्याने रेझिनही पुष्कळ दिवस टिकते. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेल्या पाण्यालाही हेच लागू आहे. फक्त पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी सोडून द्यावे. अशा प्रत्येक टाकीवर आणि कॅनवर मोठ्या अक्षरांत ‘पिण्यासाठी नाही’ असे मराठीत आणि हिंदीत लिहावे, कारण उन्हात काम करणारा मुलगा तहान लागल्यावर हाताशी असलेल्या पाईपलाच तोंड लावतो. त्याच्यासाठी पिण्याच्या पाण्याचा एक जार गाडीत वेगळा ठेवावा.