पिवळा दिवा पेटला की आधी कपलर बघा, सेन्सर नंतर

पाऊस उघडला की या सदराकडे पिवळ्या दिव्याची पत्रं सुरू होतात. मीटरवर इंजिनाचं छोटं चित्र असलेला दिवा, ज्याला सगळे चेक इंजिन लाईट म्हणतात तो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, लागू झाले, बहुतेक साध्या गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला, फ्यूल इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आला, आणि त्याच्याबरोबर हा दिवा गावोगाव पोचला. यावेळी सगळी जागा याच विषयाला देतोय, कारण पत्रं वाचताना खरंच वाईट वाटलं, किती जणांनी चांगले पार्ट काढून नवे बसवलेत आणि दिवा आहे तसाच आहे.

प्रश्न : माझी १५० सीसी बाईक २०२१ ची आहे, चिपळूणहून लोटे एमआयडीसीत रोज ये-जा. जुलैपासून पिवळा दिवा लागतो, दोन दिवस राहतो, आपोआप जातो, परत येतो. गाडी तशी चालते, फक्त अ‍ॅव्हरेज थोडं कमी झालंय. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सरचा कोड दाखवला, सेन्सर बदलला, आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. आता म्हणतायत ईसीयूच गेलाय. काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, ईसीयूला एवढ्यात हो म्हणू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्हीच लिहिलीय, दिवा येतो आणि जातो. मेलेला सेन्सर सहसा असा लपंडाव खेळत नाही, असा खेळ बहुतेक वेळा वायर किंवा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, खेळतो, आणि तोही पावसात सुरू झालेला म्हणजे माझा संशय सरळ ओलाव्यावर जातो.

आधी कोड म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणी फसवणार नाही. ईसीयूला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त वायरीतून आलेलं व्होल्टेज दिसतं. सायलेन्सरच्या पाइपवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर गरम झाल्यावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सारखा वरखाली होत असतो, त्यावरून पेट्रोल जास्त जातंय की कमी ते ईसीयू ठरवतो. आता हे व्होल्टेज अडकलं किंवा गायब झालं की ईसीयू कोड टाकतो, पण ते सेन्सर मेल्यामुळे झालं, वायर घासून तुटल्यामुळे झालं, कपलरमधे पाणी गेल्यामुळे झालं की पाइपच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जातेय म्हणून झालं, हे त्याला कळायचा मार्गच नाही, स्कॅनरवर नाव मात्र सेन्सरचंच येतं. कोड तुम्हाला गल्ली सांगतो, घर नाही.

माझ्याच गॅरेजमधलं एक उदाहरण सांगतो. समुद्राकाठच्या गावातून एक गाडी आली होती, दुसरीकडे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे रेस किती पिळलीय ते ईसीयूला सांगणारा, दोनदा बदलून झालेला, काढलेला पहिला सेन्सर मालकाने कॅरीबॅगेत जपून ठेवलेला. टाकी उचलली, थ्रॉटल बॉडीचा कपलर वरून अगदी नवा वाटत होता. लॉक दाबून ओढला तर तीन पिनांपैकी मधल्या पिनेवर हिरवी पूड, मोरचुदासारखी, आणि आतली पातळ रबरी रिंग एका बाजूला दुमडलेली. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचं पाणी तिथून आत जायचं आणि सुकायचं, परत जायचं. काँटॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशने पूड घासून काढली, रिंग सरळ बसवली, दिवा गेला तो गेलाच. मग कॅरीबॅगेतला सेन्सर लावून मल्टीमीटरवर तपासला, थ्रॉटल बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण पिळल्यावर चारच्या वर, मधे कुठेही झटका नाही. ठणठणीत सेन्सर. त्या मालकाचा चेहरा अजून आठवतो, महिन्याभराचा पगार गेला होता हो त्याचा.

तुमच्या गाडीत मी कसं जाईन ते सांगतो. पहिली बॅटरी, कारण बॅटरी ढिली असेल तर ईसीयू कसलेही कोड टाकतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.५ व्होल्टच्या पुढे दिसली पाहिजे, सेल्फ मारताना १० च्या खाली कोसळता कामा नये, आणि गाडी चालू करून थोडी रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे राहिली पाहिजे. टर्मिनलचे स्क्रू हाताने हलतायत का बघा, आणि इंजिनावर किंवा चासीवर जिथे अर्थची वायर बोल्टने बसवलीय तो बोल्ट काढून खालचा गंज घासा. मग ऑक्सिजन सेन्सरची वायर पाइपपासून वरपर्यंत बोटांनी चाचपत जा. ही वायर गरम पाइपला टेकून वितळते, फ्रेमच्या कडेला घासते, आणि कोकणात पावसात उंदीर टाकीखाली ऊब शोधत येतात आणि कुरतडून जातात, तो भाग नीट बघा. हँडल दोन्ही बाजूंना वळवल्यावर जिथे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ताणला जातो ती जागाही. कपलर उघडा, पिनेवर हिरवं-पांढरं काही दिसतंय का, पिन मागे सरकलीय का. नंतर गाडी आयडलिंगला ठेवून एकेक कपलर आणि वायर हलक्या हाताने हलवत जा, कुठेतरी आवाज बदलला किंवा दिवा आला की चोर सापडला. शेवटी हेडच्या तोंडाशी सायलेन्सरच्या जोडावर काळी काजळी फुंकली गेलीय का तेही बघा.

आणि एक काम आजपासून करा, दिवा लागला की मोबाइलमधे दोन ओळी लिहा, पाऊस होता का, गाडी गार होती का, खड्ड्यातून गेलात का, आदल्या दिवशी धुतली होती का. आठवड्यात चित्र स्पष्ट होतं. गॅरेजमधे कोड कागदावर लिहून मागा आणि बदललेला जुना पार्ट परत मागा, तो तुमच्या पैशाचा आहे, मागायला लाजू नका.

प्रश्न : मी पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. ऐन गर्दीच्या वेळी दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करायची का? एक खाडा म्हणजे मोठं नुकसान. – एक वाचक, हडपसर

उत्तर : भाऊ, दिवा स्थिर पिवळा आहे, गाडी नेहमीसारखी ओढतेय, आवाज बदललेला नाही, तर शिफ्ट पूर्ण करा आणि संध्याकाळी तपासा. बऱ्याच बिघाडांत ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं सोडून ठरावीक आकडा धरून गाडी चालवतो, ती घरी पोचण्यापुरती सोय असते, महिनाभर वापरायची नाही. पण गाडी मिसिंग मारतेय, कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, सायलेन्सरमधून काळा धूर येतोय तर थांबा, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन जळतं आणि तो खराब झाला की खर्च सेन्सरपेक्षा फार मोठा आहे. लाल दिवा, ऑइलचा किंवा टेंपरेचरचा, ही वेगळी गोष्ट. तिथे एक चौकसुद्धा पुढे जायचं नाही, बाजूला घेऊन इंजिन बंद.

प्रश्न : दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, त्यावरून घरी कोड काढता येतो असं ऐकलं. खरं आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : बऱ्याच गाड्यांत येतो. होंडाच्या अनेक फ्यूल इंजेक्शन गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक. सात छोट्या म्हणजे इंजिन टेंपरेचर सेन्सरचं सर्किट, आठ म्हणजे थ्रॉटल, नऊ म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं टेंपरेचर, एक लांब दोन छोट्या म्हणजे बारा, तो इंजेक्टर, आणि दोन लांब एक छोटी म्हणजे एकवीस, तो ऑक्सिजन सेन्सर. मोबाइलवर व्हिडिओ काढून मग निवांत मोजा, डोळ्यांनी मोजताना हमखास चुकतं. पण एका कंपनीची यादी दुसऱ्या गाडीला लावू नका, आणि काही गाड्यांत लुकलुक बघायला सर्व्हिस कपलरच्या दोन पिन जोडाव्या लागतात, तिथे मॅन्युअल समोर नसेल तर तार घालायचं धाडस नको, चुकीची पिन जोडली तर खरोखरच ईसीयू जाईल. नव्या गाड्यांत सीटखाली सहा पिनचा कपलर असतो, त्याला अ‍ॅडॉप्टर केबल लावून ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा चालतो. मित्र-मित्र मिळून एक घेतलात तरी पुरे.

प्रश्न : बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली की दिवा जातो असं मिस्त्री म्हणतात. करू का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नको. काही गाड्यांत दिवा जातो, काहींत कोड मेमरीत तसाच राहतो, आणि गेला तरी बिघाड तिथेच आहे, फक्त तो शोधायचा पुरावा तुम्ही पुसलात. वर ईसीयूने आयडलिंगचं जे शिकून ठेवलेलं असतं तेही काही गाड्यांत पुसलं जातं आणि मग सिग्नलला गाडी बंद पडायला लागते. कोड लिहून घ्या, बिघाड दुरुस्त करा, मग पुसा. बिघाड खरंच गेला असेल तर बऱ्याच गाड्यांत दोन-तीन फेऱ्यांनंतर दिवा आपला आपण विझतो.

प्रश्न : आवाजासाठी दुसरा सायलेन्सर लावला, दुसऱ्याच दिवशी दिवा आला आणि आता जात नाही. – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : त्या सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सरची जागाच नसेल, सेन्सर कुठेतरी बांधून ठेवला असेल, किंवा जोड गळत असेल. जुना सायलेन्सर परत लावा. बाजारात सेन्सरच्या जागी लावायला रेझिस्टर मिळतो, त्याने दिवा जाईलही पण पेट्रोलचं प्रमाण आंधळेपणाने चालतं, मला ते मान्य नाही.

प्रश्न : भावासाठी जुनी बाईक बघायला गेलो होतो. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागला आणि गाडी सुरू केल्यावर गेला. म्हणजे काही बिघाड आहे का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : नाही ताई, हे उत्तम लक्षण आहे. चावी ऑन केल्यावर दिवा स्वतःची तपासणी म्हणून पेटतो, काही गाड्यांत दोन सेकंदांनी जातो, काहींत इंजिन सुरू झाल्यावर. चावी फिरवल्यावर तो अजिबातच पेटला नाही तर सावध व्हा. बल्ब गेलेला असू शकतो, पण विकायच्या गाडीत दिव्याची वायर काढून ठेवलेली किंवा मीटरच्या आत काळी टेप लावलेली मी स्वतः पाहिलीय. अशी गाडी असेल तर स्कॅनर लावून कोड बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

प्रश्न : शेताच्या रस्त्यावर वाळूत गाडी घसरून आडवी झाली. उचलली तर सेल्फ मारतो, पण सुरू होईना आणि पिवळा दिवा चालू. गाडीला एक ओरखडापण नाही. – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : तुम्हाला लागलं नाही ना, ते आधी. अनेक गाड्यांत बँक अँगल सेन्सर असतो, गाडी ठरावीक कोनापेक्षा जास्त कलली की तो पेट्रोलचा पंप आणि इग्निशन बंद करतो, आग लागू नये म्हणून. गाडी सरळ उभी करा, चावी ऑफ करून काही सेकंद थांबा, परत ऑन करा, पंपाचा हलका गूं आवाज ऐकू आला की सेल्फ मारा, बहुतेक लगेच सुरू होईल. तरी झाली नाही तर हँडलजवळचा इंजिन बंद करायचा लाल स्विच पडताना दाबला गेलाय का बघा, आणि तोही ठीक असेल तर सेन्सर शोधा, काही गाड्यांत तो रबरात बसवलेला असतो. आपटल्याने रबरातून निसटून वाकडा झाला असेल तर गाडी सरळ उभी असूनही ईसीयूला ती आडवीच वाटत राहते.