दिंडीतले सोयरे

प्रश्न : पतीच्या निधनानंतर मी फलटणमध्ये एकटी राहते. चार वर्षांपासून एका दिंडीबरोबर वारी करते. गेल्या आजारपणात दिंडीतल्या बायकांनीच माझी शुश्रूषा केली, तरी नातेवाईक म्हणतात, ‘परकी माणसे परकीच.’ माझे चुकते आहे का?

उत्तर : ताई, आपले मुळीच चुकत नाही. नामदेवांच्या घरी वाढलेल्या जनाबाईंनी स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवून विठ्ठलालाच मायबाप मानले. आणि मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी देणारे नामदेवच होते, ज्यांचा त्यांच्याशी ना रक्ताचा संबंध होता, ना जातीचा. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते, तेथे वय न पाहता एकमेकांच्या पायांना हात लावून ‘माउली’ म्हणणारी माणसे आपण पाहिलीच असतील.

मात्र वारी तीन आठवड्यांची असते आणि एकटेपण वर्षभराचे, म्हणून गावातला हरिपाठ आणि एकादशीचे कीर्तन चुकवू नये. नातेवाइकांशी वाद घालण्याऐवजी त्यांना एखाद्या एकादशीला सोबत न्यावे. आणि त्या बायकांपैकी कोणी आज अंथरुणावर असेल, तर तिच्या उशाशी आपणही जाऊन बसावे.