टर्बो गाडीचं ऑइल : डब्याची मागची बाजू वाचा

प्रश्न : माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलंय. गॅरेजवाले म्हणतात, ‘आपल्याकडचा उन्हाळा कडक, त्यात टर्बो तापतो. २०डब्ल्यू-५० घाला, जाड ऑइल इंजिन सांभाळतं.’ कुणाचं ऐकू?
— वाचक, नागपूर

उत्तर : पुस्तिकेचं. जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण ही समजूत जुन्या इंजिनांच्या काळातली आहे. तेव्हा बेअरिंगमधल्या फटी मोठ्या असत आणि पेट्रोल गाडीला टर्बो क्वचितच असे. तुमच्या टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दांडा पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल त्याच्यापर्यंत पोचतं ते आतून पेन्सिलीहूनही बारीक असलेल्या नळीतून. ४० अंशांना साधारण २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जाड असतं. जानेवारीतल्या पहाटे, पारा दहा अंशांवर असताना, हा फरक आणखी वाढतो. गाडी सुरू झाल्यावरचे पहिले काही सेकंद टर्बोला ऑइल कमी पडलं, तर झीज तिथूनच सुरू होते.

आता उन्हाळ्याचं. बाहेर ४६ अंश असोत की १६, गरम झालेल्या इंजिनाच्या चेंबरमधलं, म्हणजे खालच्या टाकीतलं, ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या घरात राहतं, कारण थर्मोस्टॅट आणि कूलंट ते तिथे धरून ठेवतात. ग्रेडचा ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाबद्दल असतो, दुसरा याच तापमानाबद्दल बोलतो. १०० अंशांना ३० ग्रेडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० ची १२.५ ते १६.३. म्हणजे ‘आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी’ ५० ग्रेडवर जायची गरजच उरत नाही. पुस्तिकेत तापमानाचा तक्ता असेल आणि त्यात ५डब्ल्यू-४० लाही परवानगी असेल, तर नागपुरात ते खुशाल घाला. तक्त्यात नसलेली ग्रेड मात्र घालू नका. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि काही इंजिनांत पंपही गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करतो. हे सगळं ठरावीक पातळपणा गृहीत धरून बेतलेलं असतं.

तरीही थर थोडा भक्कम हवा असं वाटत असेल, तर ग्रेडऐवजी एचटीएचएस हा आकडा बघा. १५० अंशांना, जोराच्या घर्षणात ऑइल किती दाट राहतं ते हा आकडा सांगतो. ३० ग्रेडला किमान २.९ पुरतं. पण एसीईए या युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या सी३ या वर्गातल्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ लागतं, म्हणजे ५डब्ल्यू-४० इतकंच. पुस्तिकेत सी३ चालत असेल, तर सकाळी पातळ आणि घाटात भक्कम असं ऑइल ३० ग्रेडमध्येच मिळतं. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० असेल तर मात्र हा विचार सोडा आणि तेच घाला.

प्रश्न : दुकानदाराने ‘फुली सिंथेटिक’ म्हणून एपीआय एसएन लिहिलेला डबा दिला. गाडी डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल आहे, पुस्तिकेत एसपी आहे. एका अक्षराने काय फरक पडतो?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या इंजिनाला पडतो, आणि पिस्टन फुटण्याइतका पडू शकतो. डबा परत करा. एसएन, एसपी हे एपीआय या अमेरिकन संस्थेने ठरवलेले ऑइलचे वर्ग आहेत.

लहान टर्बो इंजिन कमी आरपीएमवर, म्हणजे साधारण १५०० ते २५०० च्या दरम्यान, वरच्या गिअरमध्ये असताना पाय दाबला की सिलिंडरमधला दाब फार वाढतो. पिस्टन रिंगच्या वरच्या फटीत ऑइल आणि पेट्रोल मिसळून बसलेला थेंब अशा वेळी उडतो आणि स्पार्क पडायच्या आतच पेटतो. हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. एकाच अशा ठोक्याने पिस्टनच्या दोन रिंगांमधली पट्टी तुटू शकते. कमी आरपीएमवरच्या या अकाली पेटण्याला एलएसपीआय म्हणतात. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा धोका वाढतो. म्हणून नव्या ऑइलमध्ये कॅल्शियमचा काही भाग कमी करून मॅग्नेशियम घेतात. एसएन वर्ग २०१० सालचा आहे, त्यात याची चाचणीच नव्हती. २०१८ च्या एसएन प्लसमध्ये ती आली आणि मे २०२० पासूनच्या एसपीमध्ये तिच्या जोडीला टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आली.

‘सिंथेटिक’ हा शब्द यातलं काहीच सांगत नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत असतं ते विक्रीसाठी असतं. डबा उलटा करा. मागे गोल चकतीसारखं चिन्ह असतं, त्यात वर एपीआयचा वर्ग आणि मधोमध ग्रेड छापलेली असते. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत एसीईए आणि गाडीच्या कंपन्यांचे क्रमांक असतात : फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ००, मर्सिडीज २२९.५२ असे. इथे क्रियापद नीट वाचा. ‘अप्रूव्हड’ म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून मान्यता दिली. ‘सूटेबल फॉर’ किंवा ‘मीट्स’ म्हणजे ऑइलवाल्याचं स्वतःचं म्हणणं. वॉरंटीतल्या गाडीला पहिलंच घ्या.

आणि ऑइल कितीही चांगलं असलं तरी पाचव्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने चढावर पाय दाबू नका. आधी गिअर खाली घ्या.

प्रश्न : आमच्याकडे ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी १५डब्ल्यू-४० सीआय-४ ऑइलचा वीस लिटरचा कॅन कायम असतो. नव्या बीएस६ डिझेल गाडीला तेच घातलं तर? डिझेल ते डिझेलच ना?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : इंजिन लगेच बिघडणार नाही. पण सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी, हळूहळू बुजेल, आणि तो भाग अख्ख्या गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक आहे.

एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी ही गाळणी असते. अडकलेली काजळी गाडी स्वतः साधारण ६०० अंशांवर जाळून टाकते. ऑइल थोडंथोडं जळतंच, त्यातल्या धातूंच्या क्षारांची राख मात्र कशानेच जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते. म्हणून एसीईए सी२ आणि सी३ मध्ये सल्फेटेड राखेवर ०.८ टक्क्याची मर्यादा आहे. ट्रकच्या सीआय-४ ऑइलमध्ये ती सहसा एक ते दीड टक्का असते. डीपीएफ नसलेल्या जुन्या ट्रकला ते योग्यच होतं, कारण पूर्वीच्या सल्फर जास्त असलेल्या डिझेलमुळे तयार होणारं आम्ल मारायला तेच क्षार लागत.

चुकून घातलं असेल तर घाबरू नका. दोन-चारशे किलोमीटरने गाळणी भरत नाही. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. नुसतं ऑइल सोडलं तर फिल्टरमध्ये आणि वाटांमध्ये जुनं बरंच उरतं.

प्रश्न : डिझेल गाडीचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय! डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या बोटभर वर दिसतं. रोजचं येणं-जाणं सहा किलोमीटर.
— वाचक, ठाणे

उत्तर : चेंबरमध्ये डिझेल उतरतंय, आणि कारण तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. गाळणीतली काजळी जाळायला गाडी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडते. वीसेक मिनिटं सलग गाडी चालली तर हे काम पुरं होतं. तुमचं घर त्याआधीच येतं. काम अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, आणि दर वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं.

खात्री करायची असेल तर गाडी सपाट जागी लावा, बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढा. टोकावरचा थेंब बोटावर घेऊन वास घ्या, डिझेल लगेच ओळखू येतं. थेंब टिश्यू पेपरवर टाकला तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट, पसरत जाणारं कडं उमटतं. पातळी खुणेच्या वर असताना गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल टर्बोचा दांडा तोलून धरू शकत नाही, आणि फार वाढलेलं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, हवेच्या वाटेत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्यावरच बेफाम पळू शकतं, चावी काढली तरी थांबत नाही.

आत्ता ऑइल आणि फिल्टर बदला. पुढे आठवड्यातून एकदा घोडबंदर रोड किंवा महामार्गावर अर्धा तास, दोन हजार आरपीएमच्या आसपास, सलग गाडी चालवा. डीपीएफचा दिवा लागला असेल तर त्याच दिवशी.

ऑइल किती किलोमीटरला बदलावं हेही अनेकांनी विचारलंय, त्याचं उत्तर याला जोडूनच देतो. महामार्गावर सरासरी ६० च्या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे १६७ तास. शहरात सरासरी २० ने तेच अंतर म्हणजे ५०० तास. मीटरवर आकडा एकच, काम तिप्पट. म्हणून पुस्तिकेत १०,००० असेल तर शहरातली टर्बो गाडी आम्ही ७,००० वर आणतो, आणि गाडी कितीही कमी फिरली तरी वर्षाच्या पुढे ऑइल ठेवत नाही.

प्रश्न : निळा धूर येत होता म्हणून टर्बो बदलला. नवा टर्बो तीन महिन्यांत गेला. आता मेकॅनिक जाड ऑइल सुचवतोय.
— वाचक, सोलापूर

उत्तर : तिसरा टर्बो घ्यायच्या आधी पहिला का गेला ते शोधा. ऑइल पोचवणारी नळी गरम टर्बोला लागून असते. जुनं ऑइल तिच्या आत करपून कोळशासारखं बसतं आणि वाट अरुंद होते. टर्बो नवा आणि नळी तीच, तर नवाही उपाशी मरतो. काही गाड्यांत या नळीच्या बँजो बोल्टमध्ये, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये, बारीक जाळी असते, ती चोंदलेली कुणी बघतच नाही.

धुराचं कारण टर्बोबाहेरही असतं. परतीची नळी दबलेली असेल किंवा ब्रीदर चोंदून चेंबरमध्ये दाब साठत असेल, तर ऑइल खाली उतरू शकत नाही आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं. एअर फिल्टर भरलेला असला तरी तेच. परतीच्या नळीच्या गॅस्केटला सिलिकॉन लावलं असेल तर काढायला सांगा. आत फुगलेला त्याचा तुकडाच वाट अडवतो.

टर्बो खरंच गेलाय का ते बघायला थंड इंजिनावर हवेची नळी काढा आणि दांडा बोटांनी हलवा. आडवा, अगदी किंचित हललेला चालतो, ती ऑइलच्या थराची जागा असते. पुढे-मागे हालचाल हाताला जाणवली किंवा पंखा घराला घासलेला दिसला तर तो संपला.

नवा बसवताना ऑइलची नळी, बँजो बोल्ट आणि तांब्याचे वायसर नवे घ्या. टर्बोमधली हवा थंड करणारा इंटरकूलर सोडवून आतलं ऑइल काढा. ऑइल आणि फिल्टर बदला. जोडण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात ताजं ऑइल ओतून दांडा हाताने फिरवा. मग पेट्रोल असो की डिझेल, इंधनाचा पुरवठा तोडून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं रेस न करता चालू ठेवा. बसवल्याबरोबर ‘टर्बो ऐकू येतो का’ म्हणून मारलेली रेस नव्या टर्बोला सगळ्यात महाग पडते.

प्रश्न : गाडी बंद करण्याआधी थांबायलाच हवं का?
— वाचक, सातारा

उत्तर : गावातून सावकाश घरी आलात तर नको, शेवटचा अर्धा किलोमीटर हळू चालवलात तेवढं पुरतं. पण वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला चहाला थांबलात तर मिनिट-दीड मिनिट इंजिन चालू ठेवा. पेट्रोल टर्बोचं घर तेव्हा लालबुंद असू शकतं. इंजिन बंद झालं की ऑइल वाहायचं थांबतं आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं तिथेच करपतं. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोत हा धोका कमी असतो, संपत नाही. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर घाट संपताच ते बटण बंद करा.

प्रश्न : ऑइल बदलताना इंजिन फ्लश आणि वरून ॲडिटिव्हची बाटली घ्यावी का?
— वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही नको. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात फ्लशला धुवायला काही नसतं. न बदललेल्यात तो गाद मोकळी करतो आणि ती गाद जाळीत किंवा टर्बोच्या नळीत जाऊन बसते. आतून घाण झालेलं इंजिन असेल तर योग्य ऑइल घालून दोनदा तीन-तीन हजार किलोमीटरवर फिल्टरसह बदला, हळूहळू साफ होतं. ॲडिटिव्हच्या बाटलीने मात्र तुम्ही ज्या मान्यतेसाठी पैसे मोजले तो मेळच बदलतो.

ते पैसे बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून सीलबंद डबा घेण्यात घाला. झाकणाची कडी आणि आतला पत्रा तुमच्यासमोर फोडायला लावा, बॅच क्रमांक आणि तारीख बघा. भरताना पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघत बाकीचं घाला. रिकाम्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडूनच तो टाका, म्हणजे त्यात पुन्हा कुणी काही भरून विकणार नाही.