चंद्रापर्यंत लांब लोखंडी सळई इकडून ढकलली, तर निरोप प्रकाशाच्या आधी पोहोचेल का?

नाही. शाळेत असताना मीही या कल्पनेवर बेहद्द खूश होतो: सळई एकसंध, म्हणजे इकडचं टोक हललं की तिकडचंही त्याच क्षणी हलणार! गोची इथेच आहे. लोखंड कितीही टणक वाटलं तरी आतले अणू जणू बारीक स्प्रिंगांनी जोडलेले असतात. धक्का एका अणूकडून पुढच्याकडे सरकत जातो, तोही लोखंडातल्या ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला साधारण 5 किलोमीटर. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटरवर. म्हणजे धक्का पोहोचायला 21 तास. प्रकाशाला जेमतेम सव्वा सेकंद. (आणि बांधकामावरची साधी 12 मिलिमीटरची सळई घेतली तरी वजन 3 लाख 40 हजार टनांच्या आसपास भरेल. ढकलणार कोण?)