तातो सैनिक होते की सुतार?

पत्र :

ताई, नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन इंग्लंडात ब्रॅडफर्डला आले, त्याला आता तीसेक वर्षं होतील. सासर पोलिश. सासूबाई लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत होत्या. ती जागा पुन्हा बघायला त्या मुलाला घेऊन कोल्हापूरला आल्या आणि आमची ओळख तिथेच झाली. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. सासरे मागच्या महिन्यात गेले, नव्याण्णवाव्या वर्षी. सगळे त्यांना तातो म्हणायचे, मीही. त्याच युद्धात इटलीत मॉन्टे कॅसिनोला लढलेले, आणि नंतर जन्मभर सुतारकाम केलेले.

पुढच्या महिन्यात स्मरणसभा आहे. बोलायचं मी, असं घरात ठरलंय, कारण शेवटची वर्षं त्यांच्यापाशी जास्त मीच असायचे. नणंद म्हणते, पदकं टेबलावर मांडू, तू युद्धावर बोल. नवरा म्हणतो, बाबा सुतार होते, युद्धाचं नाव त्यांनी घरात काढलं नाही, आता गेल्यावर त्यांना वीर करू नका. बहीणभावांचं बोलणं जवळजवळ बंद आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. तातोंनी मला एकटीला सांगितलं होतं, की १९४२ साली उझबेकिस्तानात आई आणि धाकट्या बहिणीला एका सामूहिक शेतावर ठेवून ते सैन्यात भरती व्हायला गेले. वय सोळा, सांगितलं अठरा. ‘नाव लागलं की न्यायला येतो’ म्हणून निघाले. पुन्हा जाता आलं नाही. आई टायफसने गेली असं नंतर कुणाकडून तरी कळलं. बहिणीचा पत्ता कधीच लागला नाही. आपल्याला एक आत्या होती, हेच माझ्या नवऱ्याला आणि नणंदेला ठाऊक नाही. सांगून झाल्यावर तातो म्हणाले, ‘मुलांना कशाला?’ आणि रेडिओ लावला. हे सभेत सांगू का? न सांगता बोलले तर खोटं बोलल्यासारखं वाटेल. शिवाय मी सून, म्हणजे बाहेरचीच.

– एक सून, ब्रॅडफर्ड

उत्तर :

सभेत सांगू नका. मुलांना मात्र सांगा, आणि सभेच्या आधी सांगा.

‘मुलांना कशाला?’ हे वाक्य तुम्ही शपथेसारखं उराशी धरून बसला आहात. मला ती शपथ वाटत नाही. ज्याला गोष्ट आपल्याबरोबर न्यायची असते, तो नव्वदी उलटल्यावर सुनेला जवळ बसवून ती सांगत नाही. त्यांनी तुमच्याकडून वचन मागितलं नाही, प्रश्न विचारला आणि उत्तराची वाटही न बघता रेडिओ लावला. स्वतःच्या तोंडाने मुलांना सांगणं त्यांना झेपलं नसावं, एवढंच मी त्यातून घेते. आणि ही गोष्ट एकट्या तातोंची नाही. त्या मुलीला एक भाऊ होता, त्या भावाला दोन मुलं झाली. ती त्यांची सख्खी आत्या. भरल्या हॉलमध्ये, चहाचे कप हातात घेतलेल्या लोकांसमोर त्यांना ती पहिल्यांदा कळली, तर ती दोघं तुम्हाला माफ करणार नाहीत आणि त्यात त्यांची चूक नसेल.

दोघांना एकत्र बसवून सांगा. आधी नवऱ्याला, मग नणंदेला असं करू नका. आधीच अबोला आहे, त्यात ‘तुला आधी कळलं’ याची भर नको.

सांगताना नुसतं ‘आईला आणि बहिणीला सोडून गेले’ एवढंच सांगितलंत तर अन्याय होईल. तेव्हा काय चाललं होतं तेही त्यांच्यापुढे ठेवा. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडात घुसलं. १० फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून रशियाच्या उत्तरेला आणि सायबेरियात नेली गेली. पुढे हिटलरने रशियावरच हल्ला केला तेव्हा स्टालिनला पोलिश लोकांची गरज पडली. जुलै १९४१ मध्ये करार झाला, कैद्यांना मोकळं सोडलं आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहायला लागलं. ही बातमी लागली तशी माणसं मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी दक्षिणेला निघाली. उझबेकिस्तानात पोचेपर्यंत अंगात काही उरलं नव्हतं, वर टायफस. अशा वेळी भाकरी मिळण्याची जागा म्हणजे सैन्याची छावणी. सैनिक आपल्या शिध्यातला वाटा बायकापोरांना देत होते. त्यामुळे घरातल्या एकाचं नाव सैन्यात लागणं म्हणजे बाकीच्यांनाही बाहेर पडायची आशा. सोळा वर्षांच्या पोराने वय वाढवून सांगितलं ते त्यासाठी. तो पळून गेला नव्हता, रांगेत नंबर लावायला गेला होता.

मग १९४२ च्या वसंतात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, अशा दोनच खेपांत कास्पियन समुद्रावरच्या क्रास्नोव्होद्स्क बंदरातून इराणच्या पहलवीला जहाजं गेली. सैनिक आणि नागरिक मिळून सव्वा लाखाच्या आतबाहेर माणसं सुटली. त्यानंतर दार बंद झालं. जे त्या बंदरापर्यंत पोचले नाहीत ते मागेच राहिले. वर्दी चढवलेल्या मुलाला ‘दोन दिवसांत आईला घेऊन येतो’ म्हणून रजा कोण देणार होतं?

यात एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तुमच्या सासूबाईही त्याच वाटेने सुटलेल्या असणार, इराणमार्गे हिंदुस्थानात आणि मग वळिवड्याला. म्हणजे तातोंच्या घरात रोज समोर बसून जेवणारी बाई ही त्या जहाजावर चढू शकलेली मुलगी होती. तातोंच्या या हरवलेल्या बहिणीचं सासूबाईंना माहीत होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत असेल आणि दोघांनी मिळून मुलांना सांगितलं नसेल, तर त्यांची कारणं त्या दोघांपाशी होती. तुम्ही त्याचा खुलासा करत बसू नका.

आता बहीणभावांच्या भांडणाकडे येऊ. युद्धावर बोलायचं की सुतारकीवर?

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला जास्त पटतं, पण त्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. तातो युद्धावर बोलले नाहीत याचा अर्थ त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं असा होत नाही. पोलिश सैनिकांना गप्प बसायला बरीच कारणं होती. १८ मे १९४४ ला कॅसिनोच्या मठाच्या ढिगाऱ्यावर पोलिश निशाण लागलं. आज तिथल्या पोलिश दफनभूमीत हजारावर कबरी आहेत. त्याला वर्ष व्हायच्या आत, १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला, दोस्त राष्ट्रांच्या बैठकीत, ठरलं की पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहील. अँडर्स यांच्या सैन्यातल्या बहुतेकांची घरं तिकडचीच. म्हणजे पोरं इटलीत लढत होती आणि त्यांचं गाव नकाशात दुसऱ्या देशात गेलं होतं. मार्च १९४६ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचं पत्रक प्रत्येक पोलिश सैनिकाच्या हातात पडलं, त्याच्याच भाषेत : मायदेशी परत जा. ८ जूनला लंडनमध्ये विजयाचं मोठं संचलन निघालं, त्यात कॅसिनो घेणारे हे सैनिक नव्हते. शिवाय मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ नये म्हणून, आपण अँडर्सच्या सैन्यात होतो हे पत्रात लिहायचीही चोरी. इतकी वर्षं जीभ आवरलेल्या माणसाला पुढे कुणी ‘सांगा ना’ म्हटलं तर सुरुवात कुठून करणार? आपल्याकडे साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, घराघरात सैनिक. पण अशा घरांतही भिंतीवर फोटो असतो, बिल्ले असतात आणि आजोबा मात्र पावसापाण्याचंच बोलतात.

नणंदेचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. तिला बापाचा अभिमान वाटतो आणि तो वाटायला हवा. मला नको वाटतं ते एवढंच, की स्मरणसभांमध्ये युद्ध सगळी जागा खाऊन टाकतं. सैन्यातली वर्षं पाचसहा. त्यानंतरची चाळीसेक वर्षं हा माणूस सकाळी डबा आणि हत्यारांची पेटी घेऊन कामावर जात होता. ज्या माणसाला देश उरला नाही, भाषा येत नाही, त्याने परमुलखात उभं राहायचं कसं? ब्रिटिश सरकारने १९४६ मध्ये या सैनिकांसाठी पुनर्वसन दल काढलं, पुढच्या वर्षी कायदाही केला. लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत, अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत राहून माणसं इंग्रजी आणि एखादा धंदा शिकली. कुणी खाणीत गेलं, कुणी कापडगिरणीत, कुणी शेतावर. युद्धानंतर ब्रिटनमध्ये नगरपालिकांची घरं लाखांनी उभी राहत होती आणि त्यांना चौकटी, दारं, जिने लावायला सुतार लागत होते. तातोंचं आयुष्य त्यात गेलं असणार. ते सभेत यायला हवं, आणि नुसतं ‘कष्टाळू होते’ म्हणून नको. रंधा कसा धरायचे, पटाशीला धार कोणत्या दिवशी लावायचे, बिजागरी कुरकुरली की दुसऱ्याच्या घरातही उठून बघायचे का, मुलाला गुण्या धरायला शिकवताना किती ओरडायचे, हे सांगा. ब्रॅडफर्डमध्ये त्यांनी बसवलेलं दार अजून कुणाच्या घरी असेल तर त्या माणसाला शोधा आणि सभेला बोलवा.

पण हे सगळं तुम्ही एकटीने का बोलायचं? सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि काम सुनेने करायचं, ही रीत पोलिश घरातही निघाली म्हणायची! तीन माणसं बोला. नणंदेला दहा मिनिटं द्या, युद्ध तिचं. नवऱ्याला दहा मिनिटं द्या, सुतारकी त्याची. तुमच्याकडे शेवटची वर्षं. ती दोघांकडेही नाहीत. अशी वाटणी झाली की कुणी कुणाचं तोंड बंद करायला नको, आणि अबोला सोडायला निदान कोण आधी बोलणार एवढं तरी बोलावं लागेल.

नणंदेला एक सांगा. जे नक्की माहीत आहे तेवढंच बोलायचं. तातो कोणत्या डिव्हिजनमध्ये, कोणत्या पलटणीत होते ते कागदांवरून बघून घ्या. लंडनच्या केन्सिंग्टन भागात सिकोर्स्की संस्थेचं संग्रहालय आहे, पोलिश पलटणींचे दस्तऐवज तिथे जपलेले आहेत. ‘मठावर निशाण त्यांनीच लावलं’ असलं काही ऐकीव सांगू नका. हॉलमध्ये म्हातारी पोलिश मंडळी असतील, त्यांना खरं-खोटं लगेच कळतं.

‘मी बाहेरची’ असं तुम्ही लिहिलंत. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर हल्ला झाला, तेव्हा ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत एका बाजूला पोलिश कोअर होती आणि दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडची आणि आठवी भारतीय डिव्हिजन. त्या भारतीय डिव्हिजनमध्ये आपली मराठा पलटण होती. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच नदीवर, त्याच दिवशी. वॉर्सामध्ये मॉन्टे कॅसिनोच्या स्मारकाजवळच वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानातला पोलिश स्तंभ तर तुम्ही पाहिलाच असेल. या घराचा तुमच्या गावाशी संबंध तुमच्या लग्नाआधी पन्नास वर्षांचा आहे. आणि तातोंनी ही गोष्ट सांगायला सख्ख्या मुलांऐवजी, आपलं गाव सोडून आलेली बाई निवडली. तरीही स्वतःला बाहेरची म्हणायचं असेल तर म्हणा, मी अडवणार नाही.

न सांगता बोलणं म्हणजे खोटं बोलणं, ही तुमची भीती मुलांना सांगितल्यावर बरीचशी जाईल. मग सभेत आत्याचं नाव घ्यायचं की नाही ते त्या दोघांना ठरवू दे. ‘घ्या’ म्हणाले तर एका वाक्यात घ्या. भाऊ भरतीला का गेला, याचा खुलासा हॉलमध्ये करू नका, तो घरातला विषय. ‘नको’ म्हणाले तर नको. पुढच्या १ नोव्हेंबरला, पोलिश लोक मृतांसाठी दिवे लावतात तेव्हा, आजीसाठी आणि आत्यासाठी दोन जास्त लावता येतील.

आणि शोध घ्या, मात्र सभा होऊन गेल्यावर, तिघांनी मिळून. सोव्हिएत राजवटीत हद्दपार झालेल्या पोलिश लोकांच्या नावांची मोठी सूची पोलंडमध्ये तयार झालेली आहे आणि ती इंटरनेटवर बघता येते. आत्या तिथे सापडेलच असं नाही, पण कुटुंबाला कुठून उचललं आणि कुठे नेलं एवढं जरी मिळालं तरी तुमच्या नवऱ्याच्या हातात वडिलांच्या गावापासूनचा रस्ता येईल. त्याच नावाची माणसं पुष्कळ निघतात, म्हणून जन्मसाल आणि वडिलांचं नाव जवळ ठेवा. आडनाव ‘स्की’ने संपत असेल तर आजीचं आणि आत्याचं ‘स्का’ करून शोधा, नाहीतर यादीत नाव असूनही हाती लागायचं नाही.