आर्नेबर्गची एक खोली तुम्ही पाहिलेली आहे

ऑस्लोच्या नगरभवनाचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय, "हा विटांचा कारखाना उभारणाऱ्या आर्नस्टाइन आर्नेबर्गला नॉर्वेत एवढं का मानतात?"

कारखाना दिसतो खरा. ऑस्लोकरही त्या दोन बुरुजांना तपकिरी चीजचे ठोकळे म्हणतात. पण वास्तुकार आर्नेबर्ग (१८८२–१९६१) आणि मागनुस पोल्सन या जोडीने १९१८ साली स्पर्धा जिंकली तेव्हा नकाशे वेगळेच होते, जुन्या राष्ट्रीय वळणाचे. काम लांबलं, तोवर फंक्शनलिझमची, म्हणजे नक्षी टाळून साध्या, उपयोगापुरत्या बांधणीची लाट आली आणि दोघांनी डिझाइन पुन्हापुन्हा बदललं. पायाभरणी १९३१ला, मध्ये महायुद्ध, उद्घाटन १९५०ला. बत्तीस वर्षं! आपण याला 'रखडला' म्हणतो. माझ्या मते इथे रखडल्याचा फायदाच झाला, पहिला आराखडा बांधला असता तर आज तो फार गोडगोड वाटला असता. आत मात्र रुक्षपणा नाही, मुख्य दालनात भिंतभर हेनरिक सोरेनसनचं चित्र आहे. १९९०पासून शांततेचं नोबेल इथेच देतात. २०१४ साली कैलाश सत्यार्थींनी ते याच दालनात स्वीकारलं.

मला स्वतःला आर्नेबर्गचं ऑस्लोतल्या बिगडॉयचं व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय जास्त आवडतं. १९१४च्या स्पर्धेतून मिळालेलं काम, शेवटचा भाग पुरा झाला १९५७ला. उंच कमानदार छत, चुन्यासारख्या पांढऱ्या भिंती, मध्ये खांब नाही. त्या पांढऱ्यावर ओसेबर्ग या व्हायकिंग जहाजाच्या पुढच्या टोकाचं काळपट लाकडी वळण तेवढं उठून दिसतं. कोपऱ्यांत छोटे सज्जे ठेवलेत, तिथून जहाजाच्या पोटात डोकावता येतं. वास्तुकार स्वतः बाजूला सरकलाय. (विस्तारासाठी ते २०२२ला बंद झालं.)

नॉर्वेच्या राजपुत्राचा स्कौगुम वाडा आणि ऑस्लोच्या आकर्सहुस किल्ल्यातली राजघराण्याची समाधीही त्याचीच. त्यावर फार लिहीत नाही.

आता ती खोली. न्यूयॉर्कमधलं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं सभागृह ही नॉर्वेने दिलेली भेट, आणि आतली रचना आर्नेबर्गची. घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, मागे पेर क्रोगचं राखेतून उठणाऱ्या फिनिक्सचं भित्तिचित्र. बाजूच्या भिंतींना निळं-सोनेरी रेशमी कापड, त्यावर जहाजाचा नांगर, गव्हाच्या ओंब्या आणि हृदय : श्रद्धा, आशा, प्रेम. पुढच्या वेळी बातम्यांत व्हेटोवरून भांडण लागलं की बोलणाऱ्याकडे नको, ती भिंत बघा.