डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या पॅनोरामात जोड दिसतात. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकतो: हगिन. फुकट आहे, आणि आठ-दहा फोटो जोडायला पुरेसं आहे. पण तुमचं काम बहुतेक फोटो काढतानाच बिघडलंय. माझा अजिंठ्याला एक अख्खा दिवस असाच पाण्यात गेला होता.

श्रावण होता. लेण्यांसमोरच्या व्ह्यू पॉइंटवर उभं राहिलं की वाघूर नदीच्या वळणावरचा नालाच्या आकाराचा कडा आणि त्यातली लेणी नजरेत मावतात, फ्रेममध्ये मावत नाहीत. 1819 मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला दहा नंबरचं लेणं दिसलं ते याच बाजूने. मी सगळं ऑटोवर ठेवून डावीकडून उजवीकडे फोटो काढत गेलो. घरी जोडून बघतो तर तोच दगड एका फोटोत उजळ, शेजारच्या फोटोत काळपट. पोलरायझरमुळे, म्हणजे आकाश गडद करणाऱ्या फिल्टरमुळे, आकाशात गडद निळा पट्टा. समोरचं रेलिंग दोन ठिकाणी तुटलेलं.

लातूरला आमच्या दाजींचा स्टुडिओ आहे. त्यांनी बघितलं आणि चारचौघांत म्हणाले, "ही काय वाकळ शिवलीस? एक वाइड लेन्स घे अन् मोकळा हो." फोटो जोडणं म्हणजे फोटोग्राफीच नाही, असं त्यांचं ठाम मत. मला ते फार लागलं.

पंधरा दिवसांनी परत गेलो. एम म्हणजे मॅन्युअल मोड, उन्हातल्या कड्यावर एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ठरवलं आणि नंतर त्याला हात लावला नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, डेलाइटवर. फोकस एकदा लावून मॅन्युअल. पोलरायझर पिशवीत. रेलिंगला अगदी खेटून उभा राहिलो, म्हणजे ते फ्रेममध्येच येत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स 35 मिमीवर, कॅमेरा उभा. ढगाची सावली कड्यावरून सरकायची वाट बघत वीस मिनिटं थांबलो आणि मग भराभर 8 फोटो काढले, प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग ठेवून. फिरताना डाव्या हाताचं बोट लेन्सखाली धरलं आणि कॅमेरा त्या बोटावर फिरवला. आपण खांद्यातून वळतो तेव्हा लेन्स वीतभर सरकते आणि जवळच्या वस्तू तिथेच तुटतात.

हगिनमध्ये प्रोजेक्शन, म्हणजे फोटो सपाट मांडायची पद्धत, सिलिंड्रिकल ठेवलं. जोड शोधूनही सापडला नाही.

आता दाजींचा मुद्दा. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, उभ्या फोटोची रुंदी 4000 पिक्सेल. आठ जोडून जवळपास 22,000 झाली, म्हणजे 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) सहा फुटांचा प्रिंट. वाइड लेन्समध्ये अख्खा कडा बसला असता तरी रुंदी 6000 पिक्सेलच, म्हणजे 20 इंच. लेण्यांचे खांब त्यात मोजता आले नसते. माझ्या प्रिंटवर येतात. तो आता ताईच्या बैठकीत लावलाय, दाजींच्या खुर्चीसमोरच.

एक मात्र राहिलं. हे सगळं लांबच्या दृश्याचं. वाड्याच्या ओसरीत, खांब हातभरावर असतील तर बोटाने भागत नाही. ट्रायपॉड आणि कॅमेरा मागे सरकवायची पट्टी लागतेच. स्टेजवर माणसं हलत असतील तर तिथे वाइड लेन्सच बरी, हे मी दाजींनाही सांगितलंय.

तुमचा जोड आकाशात दिसत असेल तर एक्सपोजर आणि पोलरायझर बघा. जवळच्या खांबावर, भिंतीवर दिसत असेल तर तुम्ही खांद्यातून वळताय.